वसा, खाडा आणि उद्यापन

श्रावणातल्या कहाण्यांमध्ये एक संवाद परत परत येतो. आदित्यराणूबाईच्या कहाणीतला ब्राह्मण समिधा-दूर्वा आणायला रानात जातो. तिथे नागकन्या, देवकन्या काहीतरी मांडून बसलेल्या असतात. तो विचारतो, ‘बायांनो, कसला वसा वसता? मला सांगा.’ उत्तर लगेच मिळत नाही. आधी त्याच त्याला तोलून बघतात: तुला वसा कशाला हवा, उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील. तो कबूल होतो, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. मग कृती सांगितली जाते, तीही मोजून. सहा रेघांचं मंडळ, सहा सुतांचा तातू, त्याला सहा गाठी. सुरुवात श्रावणातल्या पहिल्या रविवारी, शेवट माघातल्या रथसप्तमीला. शेवटी गोडाधोडाचं जेवण, मेहूण, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, जेवू घालायचं, की झाला वसा संपूर्ण.

लोकांच्या हातात रोज जाईल अशी वस्तू ज्यांना घडवायची आहे, मग ते मोबाइलवरचं अ‍ॅप असो, मसाल्याचं पाकीट असो की डब्याची सेवा, त्यांनी ही कहाणी एकदा कारागिराच्या नजरेनं वाचावी. कोणी कोणाच्या दारात जाऊन वसा गळ्यात मारत नाही. दुसरं कोणीतरी रमून काही करताना दिसतं आणि बघणाऱ्याला हौस वाटते. मागितल्यावर थोडं अडवलं जातं, त्यामुळे मिळालेल्या गोष्टीला वजन येतं. कृतीत हातांना काम आहे आणि आकडा लक्षात राहील असा एकच आहे, सहा. मुदत आधीच ठरलेली आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोष्टीत चुकणारं माणूस आहे. त्या ब्राह्मणाच्या दोन लेकी. राजाच्या घरी दिलेली म्हणते, मला कहाणी ऐकायला वेळ नाही. प्रधानाच्या घरची बसून ऐकते. पहिलीला दरिद्र येतं, हाल होतात, पण शेवटी तीही कहाणी ऐकते आणि तिचे दिवस फिरतात. कृती, आकडा, मुदत, चूक आणि परत येण्याची वाट, सगळं एकाच गोष्टीत विणलेलं आहे. ही गोष्ट वशावर वरून चिकटवलेली नाही. ती वाचणं हाच वशाचा एक भाग आहे.

लोकांना वस्तूत गुंतवून ठेवण्याच्या कामाला हल्ली ‘एंगेजमेंट वाढवणं’ म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी ते गुण, बिल्ले आणि सारखी टुणटुण करणाऱ्या नोटिफिकेशनवर येऊन थांबतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण खेळ आणि गोष्ट या दोन्हींची आपल्याकडची जाण फार जुनी आणि फार बारीक आहे.

टूथपेस्टचंच बघा. दात घासण्यात गोष्ट सांगण्यासारखं काय आहे? ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ हा हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बा. वि. केसकर, आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली होती. श्रोत्यांची भूक मोठी आणि घरातलं ताट रिकामं. बिनाका टूथपेस्ट बनवणाऱ्या सिबा कंपनीला ती जागा मिळाली. निवेदक अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे, फिती विमानानं कोलंबोला जायच्या आणि तिथून लघुलहरींवर परत भारतातल्या घरांत यायच्या.

सुरुवातीचा खेळ अगदी साधा होता. सात गाणी वाजवायची, त्यांचा योग्य क्रम श्रोत्यांनी लिहून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच खेपेला ९,००० पत्रं आली, आणि पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला. इतकी पत्रं उघडून तपासायची कोणी? खेळ रंगला की त्याचा भार कामावर येतो, हा धडा त्या काळातच मिळाला होता. आजही छोट्या व्यवसायांच्या ‘फोटो पाठवा, बक्षीस मिळवा’ योजना इथेच कोलमडतात. पाचशे फोटो येतात, बघायला माणूस एक, निकाल महिनाभर लागत नाही आणि खेळणारा रुसतो. खेळ जाहीर करण्याआधी एक हिशेब मांडावा: एक प्रवेशिका तपासायला दोन मिनिटं धरली तर पाचशेला हजार मिनिटं, म्हणजे साधारण सतरा तास. हे तास कोणाच्या दिवसातून जाणार आहेत?

गीतमालेनं १९५४ मध्ये खेळच बदलला. गाणी लोकप्रियतेच्या क्रमानं, खालून वर वाजायला लागली आणि क्रमांकाला शब्द मिळाला ‘पायदान’. हा एक शब्द हजार जाहिरातींच्या तोलाचा आहे. नुसता क्रमांक म्हणजे यादी. पायदान म्हटलं की जिना आला, जिना आला की कोणीतरी चढतंय, कोणीतरी घसरतंय, आणि मग ‘हे गाणं मागच्या बुधवारी कुठे होतं?’ हा प्रश्न आपोआप येतो. गाण्याला पात्र केलं की आठवड्याला कथानक मिळतं. बुधवारी रात्री आठ वाजता पुढचा भाग.

पायदान ठरवायची कशी, यातली खबरदारीही शिकण्याजोगी आहे. दुकानांतली तबकड्यांची विक्री आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मतं, दोन्ही धरली जात. नुसत्या विक्रीवर विसंबलं, तर तबकड्या संपल्यामुळे एखादं लाडकं गाणं मागे पडतं. नुसत्या पत्रांवर विसंबलं, तर ज्याला हवं तो गठ्ठ्यानं पत्रं टाकू शकतो. कोणत्याही खेळात क्रमवारी ठेवली की पहिल्या महिन्यातच कोणीतरी तिची फट शोधतं. म्हणून मोजमाप दोन वेगळ्या दिशांनी घ्यावं, म्हणजे एक फुगवलं तरी दुसरं खोटं बोलत नाही.

पुढच्या काळात बिनाकाच्या खोक्यात प्लास्टिकचे छोटे प्राणी यायचे. मुलं पेस्ट संपायची वाट बघायची, ती त्यासाठीच. एकच हत्ती दोनदा निघाला तर तो शेजारच्या मुलाशी बदलायचा. हा बदलाबदलीचा भाग फार कमी लोक लक्षात घेतात, आणि जमवाजमवीच्या प्रत्येक खेळाचा जीव तिथेच असतो.

२०१९ च्या दिवाळीत गूगल पेनं नेमकं हेच केलं. दिवा, झुमका, फूल, कंदील आणि रांगोळी असे पाच शिक्के जमवा, २५१ रुपये मिळवा. पैसे पाठवून, फोननं काही वस्तू स्कॅन करून, नाहीतर मित्राकडून मागून शिक्के मिळायचे. दिवे आणि झुमके ढिगानं आले, रांगोळी मात्र कुणाच्या हाती लागेना. घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कोणाकडे रांगोळी जास्तीची आहे का?’ हा प्रश्न फिरायला लागला. ज्या अंगणात खरी रांगोळी काढलेली होती, त्याच अंगणात लोक फोनमधली रांगोळी शोधत होते. पैसे पाठवायचं अ‍ॅप काही दिवस घराघरांतल्या गप्पांचा विषय झालं.

यामागचं गणित प्रत्येकानं एकदा कागदावर करून बघावं. पाच शिक्के सारख्याच प्रमाणात निघत असतील, तर संच पुरा व्हायला सरासरी ११.४ वेळा प्रयत्न लागतात. पहिला शिक्का पहिल्याच खेपेत मिळतो, शेवटच्या एकट्यासाठी सरासरी पाच खेपा जातात. आता एक शिक्का दुर्मीळ करा, दहात एकदा निघेल असा. एकूण प्रयत्न वाढून साधारण १४ होतात, म्हणजे फार नाही. तोच शिक्का पन्नासात एकदा निघेल असा केला, की सरासरी ५१ वर जाते. यातली मेख अशी की दोन्ही ठिकाणी पहिले चार शिक्के लवकरच मिळतात. पन्नासात एकच्या खेळात माणूस ‘एकच राहिलाय’ म्हणत चाळीस खेपा झुलत राहतो. पाच-सहा खेपांपर्यंत ती हुरहूर असते, त्यापुढे ती फसवणूक वाटू लागते, आणि ती भावना वस्तूच्या नावाला चिकटते.

म्हणून छोट्या उत्पादकानं संच जमवण्याची योजना करायचीच असेल, तर ग्राहक मुदतीत किती वेळा खरेदी करतो ते आधी बघावं. महिन्याला दोन पाकिटं घेणाऱ्या घराला सहा महिन्यांत बाराच संधी मिळतात. पाच चित्रांचा संच, सगळी चित्रं सारख्या प्रमाणात, एवढंच त्यात बसतं, तेही जेमतेम. चार चित्रं ठेवली तर सरासरी ८.३ वर येते आणि बऱ्याच घरांत संच पुरा होतो. जास्तीचं चित्र शेजारी देता यावं. आणि सातव्या-आठव्या पाकिटानंतर उरलेलं चित्र मागून घेण्याची सोय असावी. ती सोय जाहीर असावी, गुपचूप नको.

शिक्क्यांच्या कार्डाचं एक सुंदर संशोधन आहे. जोसेफ नुनेस आणि झेवियर ड्रेझ यांनी अमेरिकेतल्या एका गाडी धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डं वाटली. निम्म्यांवर आठ रिकामी घरं. उरलेल्यांवर दहा घरं, पण त्यातल्या दोन घरांवर आधीच शिक्का मारलेला. दोघांनाही गाडी आठ वेळाच धुवायची होती. आठ घरांची कार्डं १९ टक्के लोकांनी पुरी केली, दहा घरांची ३४ टक्के लोकांनी. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं.

डबा पोचवणाऱ्याला याचा उपयोग असा. १२० रुपयांचा डबा आहे, फुकट डब्याचा शिधा ६० रुपयांचा. आठ डब्यांचे ९६० रुपये हाती येतात, त्यामागे ६० रुपये जातात, म्हणजे सव्वासहा टक्के. कार्डावर दहा घरं छापावीत आणि पहिली दोन भरून द्यावीत, पण कारण सांगून: ‘पहिल्या आठवड्यात नाव नोंदवलंत म्हणून दोन शिक्के आमच्याकडून.’ विनाकारण मिळालेल्या शिक्क्याला किंमत नसते. पेनानं फुली मारण्यापेक्षा छोटा रबरी शिक्का करून घ्यावा. त्यावर डब्याचं चित्र असावं, आणि तो ग्राहकाच्या समोर उमटावा. शाईचा तो ठसा उमटताना बघण्यात अर्धी मजा आहे.

गोष्टीच्या बाबतीत सगळ्यात जास्त नासाडी पाकिटांवर होते. ‘परंपरेची चव, आजीच्या हातची माया’ हे वाक्य इतक्या पाकिटांवर आहे की ते आता कोणी वाचत नाही. जी गोष्ट कोणत्याही पाकिटावर चालते, ती कोणाचीच नसते. कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट घ्या. त्याच्या मागच्या बाजूला जेमतेम चाळीस शब्द बसतात. तिथे असं लिहिता येईल: ‘रंग बेडगीचा, तिखटपणा संकेश्वरीचा. मिरची एप्रिलच्या उन्हात वाळवली, डंकावर कुटली. यात कांदा-लसूण आहे, ओला चमचा घालू नका. चार माणसांच्या आमटीला एक सपाट चमचा पुरतो.’ यात माया हा शब्द कुठेच नाही, पण लिहिणाऱ्यानं मसाला स्वतः केलाय हे वाचणाऱ्याला कळतं. अर्थात हे सगळं खरं असायला हवं. मिरची जूनमध्ये बाजारातून दळून आणलेली असेल, तर एप्रिलच्या उन्हाचं नाव काढू नये.

खेळासाठी पाकिटाच्या आतल्या बाजूला उखाणा छापता येईल. उखाणा हा आपल्याकडचा एक अचूक बेतलेला खेळ आहे. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही अशी रीत होती, त्यामुळे चारचौघांत नाव घेणं अवघड. त्या अवघड जागेवरच खेळ बसवला: दोन ओळी, शेवटी यमक, त्यात नाव. पहिली ओळ ऐकली की सगळे कान टवकारतात, दुसरीत नाव येतं, हशा होतो, दहा सेकंदांत संपतं आणि हरत कोणीच नाही. पाकिटावर पहिली ओळ छापावी, ‘डंकावर कुटला मसाला, घरभर सुटला वास’, आणि दुसरी ग्राहकाकडून मागवावी. दोनशे पाकिटांच्या घाण्यात दहा वेगवेगळ्या पहिल्या ओळी, प्रत्येकी वीस पाकिटांवर. आलेल्यांतल्या चांगल्या ओळी पाठवणाऱ्याची परवानगी घेऊन पुढच्या घाण्यावर, नुसत्या पहिल्या नावासह. रेडिओवर आपलं नाव ऐकू येईल म्हणून पत्रं लिहिणारी माणसं आणि आपली ओळ पाकिटावर बघून ते जपून ठेवणारी माणसं एकाच जातकुळीची असतात.

मात्र खेळ कुठे करू नये, हे कळणं खेळ रचण्याइतकंच मोलाचं आहे. ‘अरेरे, काहीतरी गडबड झाली!’ आणि खाली डोळे मिचकावणारं चित्र. हे गाण्यांच्या अ‍ॅपवर चालेल. दवाखान्याच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचे पाच हजार रुपये खात्यातून गेलेत आणि समोर पोचले नाहीत, त्याला हा संदेश दाखवणं निष्ठुरपणा आहे. तिथे तीनच गोष्टी हव्यात: रक्कम किती, ती आत्ता कुठे आहे, कधीपर्यंत परत येईल. तेही ‘आपला व्यवहार यशस्वीरीत्या पूर्ण होऊ शकलेला नाही’ अशा सरकारी मराठीत नको. ‘५,००० रुपये तुमच्या बँकेतून निघाले, पण समोर जमा झाले नाहीत. उद्यापर्यंत तुमच्या खात्यात परत येतील. पुन्हा पाठवण्याआधी शिल्लक तपासा.’ साधी वाक्यं, साधा रंग, हलणारं काहीही नाही.

दुसरी चूक म्हणजे विसरभोळं पात्र. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये डोळे असलेली कागदाची क्लिप होती. पत्राचा मायना टाइप केला की ती उठायची आणि पत्र लिहायला मदत करू का, असं विचारायची. पहिल्यांदा गंमत वाटायची. पण शंभराव्या पत्रालाही ती तेच विचारायची, कारण आधीचे नव्याण्णव नकार तिच्या लक्षातच नव्हते. २००१ च्या आवृत्तीत ती आपोआप दिसणं बंद झालं आणि ऑफिस २००७ मध्ये ती गेलीच. वस्तूत बोलणारं पात्र ठेवायचं तर त्याला स्मरणशक्ती द्यावी लागते. दोनदा ‘नको’ ऐकलं की त्यानं गप्प बसावं, आणि बोलावल्यावरच यावं.

याउलट क्रोम ब्राउझरमधला डायनासोर बघा. २०१४ मध्ये आलेला हा खेळ इंटरनेट गेल्यावरच समोर येतो. इंटरनेट नाही म्हणजे आपण आदिम काळात गेलो, ही गोष्ट एका करड्या चित्रात सांगून झाली. स्पेस बार दाबला तर तो पळतो, नाही दाबला तर निमूट उभा राहतो. खेळायला इंटरनेट लागत नाही, नियम सांगावे लागत नाहीत, आणि ज्या वेळेत तो खेळला जातो ती वेळ तशीही वाया जाणारच होती. शाळा-कार्यालयांच्या व्यवस्थापकांना तो बंद करण्याची सोयही दिलेली आहे.

आता खाड्याकडे येऊ. रोज भाषा शिका, रोज चाला, रोज खर्च लिहा अशा अ‍ॅपमध्ये सलग दिवसांचा आकडा असतो, त्याला स्ट्रीक म्हणतात. हा आकडा वाढताना हुरूप देतो, पण ८७ व्या दिवशी ताप आला, खाडा पडला आणि आकडा शून्यावर गेला, की बरेच जण त्या दिवसानंतर अ‍ॅप उघडतच नाहीत. तिथे मोडते ती सवय नसते, मोडतो तो आकडा. पण पडद्यावर आकडाच मोठा असल्यामुळे माणसाला सगळंच बुडाल्यासारखं वाटतं. ड्युओलिंगोनं एखादा दिवस चुकला तरी आकडा गोठवून राखायची सोय केली, ती यासाठीच. मला याहून साधा उपाय बरा वाटतो: सलग दिवसांऐवजी महिन्यातले दिवस मोजा. ‘या महिन्यात २२ दिवस’ या वाक्यात खाड्याला जागा आहे. आणि खाड्यानंतर परत आलेल्याला ‘आम्ही तुमची वाट बघत होतो’ असं म्हणून ओशाळवू नये. राहिलेला धडा समोर ठेवावा, तोही नेहमीच्या निम्म्या लांबीचा. राजाच्या घरी दिलेल्या लेकीलाही कहाणी उशिराच ऐकवली गेली होती, पण पुरी ऐकवली गेली.

उद्यापन मात्र जवळजवळ कोणीच बांधत नाही. सोळा सोमवार पाळले की सतराव्या सोमवारी चुरम्याचा नैवेद्य दाखवून सोडवणूक होते. अ‍ॅपमधल्या वशाला सतरावा सोमवारच नसतो. तो ठेवायचा झाला तर काम फार नाही. मुदत पहिल्याच दिवशी सांगावी, शक्यतो ४० ते ६० दिवसांच्या आत. शेवटच्या दिवशी नेहमीचा पडदा दाखवू नये. त्या माणसानं स्वतः केलेल्या कामातून काढलेलं काहीतरी दाखवावं: खर्च लिहिणाऱ्याला त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याची पानं शेजारी-शेजारी, भाषा शिकणाऱ्याला त्यानं पहिल्या दिवशी चुकवलेलं वाक्य. त्याच्यासोबत दुसऱ्या कोणाला तरी देता येईल असं काही असावं, कारण मेहूण जेवल्याशिवाय उद्यापन होत नाही. एखाद्या मित्राला महिनाभराची मोफत नोंदणी द्यावी, किंवा त्या वाक्याचं चित्र घरच्या ग्रुपवर टाकता यावं. आणि खाली दोन बटणं ठेवावीत, ‘पुन्हा वसा घ्यायचा’ आणि ‘आत्ता नको’. दोन्ही एकाच मापाची, एकाच रंगाची.